रोह्यांना कळणारी भाषा

आमच्या सासऱ्यांइतका कागदावर विश्वास ठेवणारा माणूस निजामी मुलखात दुसरा नसेल. सरकारी कचेरीतही नसेल, कारण तिथले लोक कागद कुठे ठेवला ते निदान विसरत तरी असत. साखरा गावी त्यांची कोरडवाहू जमीन होती, स्वतःला सहीपुरतं अक्षर येत होतं, आणि लेखी दिल्याशिवाय या राज्यात कुणी हलत नाही, हे मत पक्कं होतं. लेखी म्हणजे अर्थात उर्दूत. म्हैस आटली की गोठ्यात कागद. मांजर दुधाच्या शिंक्यापर्यंत पोचलं की शिंक्याला कागद. सासूबाई म्हणत, "मांजराचं वाचून होईस्तोर दूध सरून राहिलं."

खरी कसोटी रोह्यांशी. घोड्याएवढी ही रानजनावरं कळपानं येऊन हरभरा खात. गावात कुणी म्हणे शिकारी बोलवा. कुणी म्हणे ही तर नीलगाय, गायीवर बंदूक कशी चालवायची? सासऱ्यांना दोन्ही पटत नसे. "आधी कळवायला पायजे त्यांना. न कळवता मारनं बराबर न्हाई." मग शेजारचे चाँदभाई पिंजारी, त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त, कापूस पिंजायची धनुकली बाजूला ठेवून बोरूनं लिहीत आणि वाचूनही दाखवत, "तमाम रोही लोकांना इत्तिला दिली जाते की..." तो लांबलचक कागद दोऱ्यानं बांधावरच्या बाभळीला टांगला जाई आणि, सांगायला मला आजही अवघड जातं, रोही येत नसत.

निजामाचं राज्य गेलं त्या हिवाळ्यात माझी मास्तरकी बंद होती आणि सासुरवाडीचा मुक्काम जरा लांबला होता. खाल्ल्या भाकरीला जागावं म्हणून मी म्हटलं, आता मराठीत लिहू. सुवाच्य अक्षरात, शुद्धलेखन तपासून लिहिलं, आणि वाऱ्यानं फाटू नये म्हणून खळीनं त्याच बाभळीच्या बुंध्याला घट्ट चिकटवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अर्धा हरभरा साफ.

सासरे बुंध्यापाशी उभे राहून म्हणाले, "जावईबापू, अक्षर झ्याक हाय. पन त्यांना मराठी येत न्हाई."

तेव्हा कुठे मला तो फडफडणारा, वाजणारा कागद आठवला. सगळं समजावून सांगायला मी तोंड उघडलं, तर सासरे हरभऱ्याचे उरलेले डहाळे मुठीत धरून चाँदभाईंच्या घराकडे निघालेसुद्धा. मी मागोमाग.

दारात गाडी जुंपलेली. तीत भांडी, गोधड्या, वर धनुकली. चाँदभाई बायको-लेकरांना घेऊन हैदराबादेला मेव्हण्याकडे निघाले होते.

"काहून रे?"

"पाटील, दिवस बदलले. लोक नजर चुकवून राहिले. हितं आता आमची गरज कुनाला हाय?"

सासऱ्यांनी मूठ पुढे केली. "ह्ये बघ. रोही मराठी वाचून न्हाई राहिले."

चाँदभाई हसले, मग डोळे पुसले. "दहा कागद लिवून देतो. जपून वापरा."

"आन् दहाबी फाटल्यावर? अकराव्यासाठी हैदराबाद गाठू?" सासऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं. "शिकलेला मानूस हाय, इचार त्याला. सांगा जावईबापू, मराठीत ऐकतेत का रोही?"

दोघेही माझ्याकडे बघत होते. कागद का वाजतो, जनावर का बिचकतं, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं.

"न्हाई ऐकत," मी म्हणालो.

चाँदभाई बराच वेळ बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी धनुकली खाली उतरवली आणि बायकोला विचारलं, "बोरू कुन्या गाठोड्यात बांधला?"

त्या दिवशीचा कागद मीच टांगला. खळ घेतली नाही. दोरा घेतला, आणि वारा लागेल अशी फांदी निवडली. आज दोघेही नाहीत. पण वाऱ्यावर कुठं कागद वाजला, की मला अजून त्यात उर्दू ऐकू येतं.