मामाजींचा भोंगा

मांजराला भूक लागते ही गोष्ट आमच्या मामाजींना मुळीच मान्य नव्हती. मांजराची जेवायची वेळ होते, एवढंच ते मानत. मामाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत टाइमकीपर. खाणीचा भोंगा सकाळी सहाला, दुपारी दोनला आणि रात्री दहाला वाजे. त्याच तीन वेळी त्यांच्या तीन मांजरींना वाढलं जाई. प्रत्येकीला मूठभर भात, वर दोन चमचे दूध, रविवारी झिंगे. मूठही मामाजींचीच, आत्याची मूठ सैल आहे असं त्यांचं मत होतं. उशिरा येणारीला अर्धी मूठ. मधल्या वेळी मांजरी पायात घोटाळल्या की ते शांतपणे म्हणत, "अजून शिफ्ट नाही सुटली." आत्या चिडे. "मुक्या जिवाले काय टाइम समजते?" "समजते. माणसाले नाही समजत," असं म्हणून ते माझ्याकडे पाहत, कारण मी त्यांच्याकडे नेहमी जेवणं आटोपल्यावरच पोचायचो.

निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं आणि मामाजी मांजरींसकट कटंगीजवळच्या आपल्या गावी आले. चहूकडे धानाच्या बांध्या, तिथे भोंगा कुठला? भात पुढे ठेवला तर तिघी नुसत्या बसून राहिल्या. मला विचाराल तर बसच्या प्रवासानं भेदरल्या होत्या, पण माझं ऐकतो कोण. दुसऱ्या दुपारपर्यंत एकीनंही तोंड लावलं नाही, तेव्हा आत्याचा धीर सुटला. "मेल्या तर पाप तुमच्या माथी," ती म्हणाली. मामाजी उठले, टोपी घातली, अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि गाल फुगवून त्यांनी तोंडानंच भोंगा दिला. शेजारच्या म्हशीनं दावं तोडलं. मांजरी जेवायला लागल्या. पुढे हा भोंगा गावाच्या इतका अंगवळणी पडला, की रोवणीच्या बाया त्यावर शिदोरी सोडू लागल्या.

वर्षं गेली. मांजरींपैकी उरली ती एक पांढरी, म्हातारी आणि ठार बहिरी. मामाजींनाही दम्यानं खाटेला खिळवलं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा भात वाढलेला होता आणि पांढरी त्याच्यापुढे बसली होती. "कालपासून यांचा भोंगा बंद, तेव्हापासून खाल्लं नाही तिनं," आत्या म्हणाली. मामाजींनी मला खूण केली. "तू दे भोंगा. माह्यानं होत नाही."

"मामाजी, तिले ऐकू येते काय?"

"नाही येत. तू दे."

मी लाज सोडून दणदणीत भोंगा दिला. पांढरीनं माझ्याकडे पाहिलं, मग मामाजींकडे, आणि तशीच बसून राहिली. तेव्हा मामाजी कसेबसे उठून बसले आणि त्यांनी गाल फुगवले. आवाज काही निघाला नाही, नुसती धाप लागली. पांढरी उठली आणि निमूट खाऊ लागली.

मामाजी परत आडवे झाले. "किती वाजले?" त्यांनी विचारलं.

घड्याळात पावणेतीन होत आले होते.

"दोन," मी म्हणालो. "बरोबर दोन."