तटाची अठरा पावलं

भुजंगकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी माहेरी, सावंतवाडीला होते. सासरी, पूर्णेला पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार, हे ठाऊक होतं. अंगणात उभी राहून पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, त्या दिवशी मी खरं बोलले... नसते बोलले तर आता कुणाला सांगणार होते?

सातवीत शाळा सुटलेली मी, लग्न होऊन इतक्या लांब आले. शेजारी भुजंगकाका, रेल्वेतून निवृत्त झालेले सुतार. गावच्या शाळेला भेट म्हणून द्यायला ते कंधारच्या किल्ल्याची लाकडी प्रतिकृती करत होते. माप साधं. किल्ल्यावरचं एक पाऊल म्हणजे फळीवर एक सूत, इंचाचा आठवा भाग. गुडघ्यानं दगा दिला तेव्हा उत्तरेचा तट मोजायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. माझं पाऊल त्यांच्याइतकं पडावं म्हणून आधी दोन दिवस अंगणात चालवून घेतलं. मला आकड्यांची धास्ती, तरी गेले. निम्म्या तटावर आईचा फोन आला. बोलून ठेवला, तर आकडा डोक्यातून गेलेला. काका खाली उन्हात बसलेले. मी आपलं ठोकून दिलं, एकशे चौऱ्याण्णव. त्यांनी वहीत लिहून घेतलं, उलटून विचारलंसुद्धा नाही.

चार महिन्यांनी तट जुळवायला घेतले आणि कोपऱ्यात तीन बोटं फट राहिली. तीन दिवस काका मापं पडताळत होते. मी चहा ठेवायची आणि मान वर न करता निघायची. चौथ्या दिवशी म्हणाले, "डोळे गेले म्हणायचे. दरवाजाच रुंद झालाय माझा, त्यानं समोरचा तट लांबलाय." त्या महादरवाजाचा एकेक खिळा त्यांनी हातानं घडवला होता. तोच कापायला त्यांनी करवत टेकवली.

"काका, थांबा. दरवाजा बरोबर आहे. आकडा माझा खोटा आहे."

करवत तशीच राहिली. मला वाटलं, आता या घराचा उंबरा बंद.

"तीन दिस मी डोळ्याच्या नावानं रडायलोय," ते म्हणाले, "अन् तू मला चहा पाजायलीस व्हय?"

त्यांनी करवत खाली ठेवली. "उद्या सकाळची बस हाय. चप्पल चांगली घाल."

गुडघ्याला पट्टा बांधून ते तटावर माझ्या मागोमाग चालले. मोठ्यानं मोजायचं, हा हुकूम. दोनशे बारा भरली. घरी येऊन त्यांनी अठरा सुतांचा तुकडा बसवला. जोडावर रंग देऊ का विचारलं, तर म्हणाले, "राहू दे. जोड हाय, चोरी न्हाई."

किल्ला आता शाळेत आहे. काका नाहीत म्हणून गेल्या आठवड्यात बाईंनी माहिती सांगायला मलाच बोलावलं. एका मुलीनं उत्तरेच्या तटावर बोट ठेवलं, "इथं जोड काऊन हाय?"

मी तिला दोन्ही आकडे सांगितले. आधी माझा, मग खरा.