उदगीरच्या रस्त्यावर तापणारा एसी

"एसी तर मस्त थंड मारतोय की, अप्पा," मी म्हणालो. गाडी माझ्या लातूरच्या गॅरेजमध्ये उभी होती, इंजिन चालू होतं आणि डॅशबोर्डमधून गारेगार हवा येत होती.

मागच्या सीटवर अप्पा घामानं निथळत बसले होते. "हितं मारतो हो! उदगीर सोडल्यापासून लातूरच्या नाक्यापर्यंत नुसती भट्टी हाय. डॉक्टरच्या दारात ताप उतरावा, तसं करतो."

अप्पा उदगीरचे डाळमिलवाले. मोठा माणूस, आवाज त्याहून मोठा. आठवडाभरापूर्वीच ही गाडी माझ्याकडून नीट होऊन गेली होती आणि आज पुन्हा दारात. त्यात अप्पांनी नव्या ड्रायव्हरवर, सिद्धार्थवर, खापर फोडून टाकलं होतं. जुन्या ड्रायव्हरच्या वेळी एसी ठीक होता, म्हणजे बिघाड यानंच केला, असा त्यांचा हिशेब.

"आज एसी नीट न्हाई झाला तर उद्यापासून कामावर येऊ नको," त्यांनी माझ्यासमोरच त्याला सुनावलं.

पोरगा पांढराफटक पडला. दुष्काळात शेतातली मजुरी बंद झाल्यावर वर्षभर रिकामा बसला होता. मोठ्या मुश्किलीनं ही नोकरी मिळाली होती.

आता एसीचं थोडं सांगतो. एसी थंडी तयार करत नाही. त्यातला गॅस गाडीतली गरमी उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. टाकायची जागा म्हणजे कंडेन्सर. समोरच्या ग्रिलमागे, रेडिएटरच्या पुढे असतो. त्याला वारा लागला तर गरमी उडून जाते. नाही लागला तर ती तिथेच अडकते आणि आत गरम हवा येते.

लातूरला रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं, ते वर्ष. प्यायला पाणी नाही, तिथे गाडी धुणाऱ्याला गल्लीनं फाडून खाल्लं असतं. म्हणून पहिल्या वेळी मी धुळीलाच धरलं होतं. हवेच्या प्रेशरनं कंडेन्सर साफ केला, घमेलंभर माती निघाली. मी खूश. त्याआधी उदगीरात कुणीतरी दोनदा गॅस भरून दिला होता. एसी गरम झाला की गॅस भरा, हे आमच्या धंद्यातलं पॅरासिटामॉल आहे.

या वेळी मी सगळं पुन्हा तपासलं. गॅसचं प्रेशर बरोबर, पंखा फिरतोय, कॉम्प्रेसरही चालू होतोय. कुठेच खोट नाही. माझंच डोकं तापलं.

सिद्धार्थ जवळ येऊन हळूच म्हणाला, "मिस्त्री, म्या काय बी केलं न्हाई हो. आईशप्पथ."

मला त्याची दया आली. प्रेशर मोजायचा गेज उचलला आणि पुढच्या सीटवर बसलो. "चला अप्पा, मी येतो."

"कुठवर?"

"गरम होईपर्यंत."

शहरातून नाक्यापर्यंत एसी झकास चालला. नाका ओलांडला आणि कुणी काही न सांगता सिद्धार्थनं गाडी बाजूला घेतली. उतरला, डिकीतून फ्लेक्सची गुंडाळी काढली आणि या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत पुढच्या ग्रिलवर ताणून बांधली. मी उतरून पाहिलं. 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे!' आणि शेजारी हात जोडलेल्या अप्पांचा मोठा फोटो.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"मी लागलो तवापासून," सिद्धार्थ म्हणाला. "अप्पा नव्या जिल्ह्याच्या समितीत हायत ना."

"मग लातूरात का काढतोस?"

"नंबर प्लेट झाकती, पोलीस धरतेत. आन् लातूरात जाऊन त्यांचाच जिल्हा तोडा म्हणलं तर मार कोण खावा?"

मी पोट धरून हसायला लागलो.

"कामून हसायलाव?" अप्पा गरजले.

"अप्पा, कंडेन्सरच्या तोंडावर तुम्हीच हात जोडून उभे आहात. वारा जाणार कुठून?"

त्यांना पटेना. मग तिथेच बॉनेट उघडून गेज लावला आणि सिद्धार्थला इंजिन रेस करायला सांगितलं. प्रेशरचा काटा चढत चढत पार लालमध्ये गेला. फ्लेक्स सोडला, तसा सावकाश खाली आला. अप्पांचा जन्म तराजूपुढे गेलेला. काट्याशी त्यांनी वाद घातला नाही.

पण सवय कुठे जाते! "हे म्होरं बांधायला कोण सांगितलं?" ते सिद्धार्थवर ओरडले.

सिद्धार्थ जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमीच की, अप्पा."

अप्पांनी उपरण्यानं कपाळाचा घाम पुसला. मीच मध्ये पडलो. "मागं बांधा. मागून येणाऱ्याला वाचायला वेळही मिळतो."

"फोटो मागं?" त्यांनी तोंड वाकडं केलं. पण ऊन मी म्हणत होतं. फ्लेक्स नंबर प्लेट सोडून डिकीवर गेला.

पुढच्या फाट्यापर्यंत मी सोबत राहिलो. गाडीत चांगलाच गारवा झाला होता. अप्पांनी उपरणं कानाला गुंडाळलं आणि म्हणाले, "सिद्धार्थ, जरा कमी कर. कान दुखायलेत. आन् उद्या सकाळी लवकर ये, निलंग्याला जायचंय."

माफी मागितली ती एवढीच. सिद्धार्थला तेवढी पुरली. "हाव अप्पा," म्हणत त्यानं हसतच एसीचं बटण खाली फिरवलं. मलाही फार बरं वाटलं. परत एसटीच्या टपाखाली भाजत आलो, तरी बरंच वाटत होतं.

तेव्हापासून बिघाड गॅरेजमध्ये सापडला नाही, तर मी पान्हा खाली ठेवतो आणि गिऱ्हाइकाच्या गाडीत बसून त्याच्या रस्त्याला लागतो.

उदगीरचा जिल्हा अजून झालेला नाही. सिद्धार्थ मात्र अजून अप्पांच्याच गाडीवर आहे.