ओनोरा आणि मार्चचे उसने दिवस

मार्च संपता संपता ऊन पडलं, तर आमच्या किनाऱ्यावर कुणी त्याचं कौतुक करत नाही. पूर्वी एका पट्टेरी गाईनं म्हणे मार्चला हिणवलं, "काय वाकडं केलंस माझं?" त्यानं एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले आणि तिला गारठवून मारलं. तेव्हापासून ते तीन दिवस सरेपर्यंत सगळे तोंडाला कुलूप लावून बसतात.

विधवा ओनोराची एकुलती गाय नेमकी पट्टेरीच. हिवाळ्यानं हाडं वर आलेली, पोटात वासरू. ती गेली असती तर ओनोराला दुसरा आधार उरला नसता. तरी ही बाई भर विहिरीवर म्हणाली, "आला मार्च तसा गेला. माझ्या गाईच्या केसालाही धक्का लागला नाही!"

शेजारचा फेस्टी हबकलाच. "जीभ आवर गं बये! मांजर शेकोटीकडे पाठ करून बसलंय, धुराड्यातून काजळी गळतेय, समोरचे डोंगर हाताला लागतील इतके जवळ दिसताहेत, सगळी वादळाचीच लक्षणं. आणि तू खुशाल त्याला डिवचतेस?"

"माझा नवरा कोलमन जन्मभर मांजराची पाठ बघत जगला," ओनोरा कडाडली. "आभाळाला कधी उलटून बोलला नाही. त्याला सोडलं का या दिवसांनी? मग मी का गप्प बसू?"

एप्रिल लागला आणि बर्फ कोसळला. गावाला वाटलं, बरी जिरली. ओनोरानं गाय सरळ स्वयंपाकघरात घेतली, शेकोटीपाशी पोती अंथरली. दुसऱ्या दिवशी जळण संपलं. एवढं बोलून बसल्यावर शेजारी मागायला जाईल तर ती ओनोरा कसली! ताठा म्हणा हवं तर, पण असा ताठा आमच्या गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

उसने दिवस सरले त्या सकाळी फेस्टीला राहवेना. जळणाचं पोतं खांद्यावर टाकून, गाय गेलीच असणार असं धरूनच त्यानं दार ढकललं. गाय उभी राहून रवंथ करत होती. कोपऱ्यात ओनोराचं अंथरूण जमिनीवर होतं.

"अगं, पलंग कुठं गेला?"

"जाळला."

"कोलमनचा? लग्नातला?"

"तोच. असल्याच दिवसांत तो त्यावर धापा टाकत पडला होता, आणि तुम्ही सगळे मला सांगत होता, गप्प बस, आभाळाला चिडवू नकोस. बसले गप्प. काय मिळालं?" तिनं गाईच्या पाठीवर थाप मारली. बाहेर बर्फ वितळत होता. "हो बाजूला, फेस्टी. हिला चरायला जायचंय."