सुभेदारांचे दोन गडी

ती केस मी विसरलेलो नाही. कारण साधे आहे. पुरावा सगळा माझ्या बाजूने होता आणि मी तरीही चुकत होतो.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. रहिमतपूरच्या बाजूला एका ग्रामीण ठाण्याचा प्रभार माझ्याकडे होता. बुधवारी सकाळी हजेरी उरकून मी स्टेशन डायरी वाचायला घेतली. आदल्या दिवशीच्या नोंदींत एक मिसिंग होती. उसाच्या मळ्यावर सालाने राहणारा एक गडी, वय अंदाजे चाळीस, शनिवारपासून बेपत्ता. खबर देणारी त्याची बायको. ती आठ दिवस माहेरी गेली होती. सोमवारी संध्याकाळी परतली तर खोपीला बाहेरून कडी, चूल थंड आणि नवऱ्याचा पत्ता नाही. मालकाला विचारले तर ते म्हणाले, "न सांगता गेला."

मालक म्हणजे सैन्याच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले एक सुभेदार. पत्नी वारलेली, दोन्ही मुले फौजेत. मळ्यातल्या घरात ते एकटेच राहत.

सालगडी भांडून निघून जातात आणि आठवड्याने परत येतात, हा नेहमीचा अनुभव. म्हणून मी ती नोंद बाजूला ठेवणार होतो. तेवढ्यात गावातला एसटीडी बूथवाला दारात आला आणि आत आल्यावर त्याने दार लोटून घेतले.

"साहेब, सुभेदारांचा गडी गेलाय म्हंत्यात. खरं हाय का?"

"तुम्हाला काय माहीत आहे ते सांगा."

"सोमवारी दुपारी सुभेदार पळत माझ्या बूथवर आलं. लय घाम. सांगलीचा नंबर लावला. काचंचं दार लावायची बी शुद्ध न्हवती. मी गल्ल्यावर बसून समदं ऐकलं."

त्याने खिशातून कॅलेंडरचे फाडलेले पान काढले. मागच्या बाजूला त्याने जे लिहिले होते ते असे: "माझा गडी मारला. पुलाखाली प्रेत पडलंय. तू आत्ता जा आणि अंगावरचं सगळं काढून घे. दोन तासांनी प्रेत राहणार नाही. दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडायच्या आत जा."

"मग सोमवारीच का आला नाहीत?"

"तवा गडी गेलाय ते ठावं न्हवतं ना, साहेब. आन गिऱ्हाइकाचं बोलणं भाईर काढलं तर बूथवर येणार कोण? मला वाटलं, दारूत बोलत्यात."

"सुभेदार पितात?"

"छ्या! थेंब न्हाई." असे तो म्हणाला, आणि दोघांच्याही मनात एकच विचार आला.

मी वहीत मुद्दे काढले. शुक्रवारी विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीवरून मालक आणि गडी यांची बोलाचाली झाली होती, ती शेजारच्या मळ्यातल्या दोघांनी ऐकली होती. शनिवारी गडी गायब. सोमवारी हा फोन. गड्याच्या चपला खोपीतच होत्या. एक एक मुद्दा लिहिताना माझी खात्री वाढत गेली. हा वह्या ठेवणाऱ्या माणसाचा दोष आहे. ओळीने लिहिलेल्या गोष्टी एकमेकींशी जोडलेल्याच वाटू लागतात.

दुपारी दोन पंच घेऊन आम्ही मळ्यावर गेलो. ओढ्यावर पूल होता, त्याखाली काही सापडले नाही. विहिरीत गळ टाकून पाहिले. मग घराची झडती घेतली. आतल्या खोलीत टेबलावर संगणक होता, टेलिफोनची वायर त्याच्या मागे एका डबीत गेली होती. भिंतीवर हाताने काढलेला मोठा नकाशा चिकटवला होता. त्यात एक किल्ला, जंगल, नदी आणि पूल. पुलाजवळ सुभेदारांच्याच अक्षरात लिहिलेले: "इथे दोघे पहाऱ्यावर. मागून जाणे." बाजूला पंधरा-वीस विचित्र नावांची यादी, त्यातल्या सहा नावांवर लाल फुली.

माझे हवालदार तीस वर्षे नोकरी झालेले. ते माझ्या कानाशी आले. "साहेब, सहा गेलं म्हणायचं का?"

नकाशा, यादी आणि संगणक पंचनाम्याने जप्त केला. त्या काळी आमच्या ठाण्यात टाइपरायटरसुद्धा एकच होता. पंचनाम्यात हवालदारांनी लिहिले, "टीव्हीसारखे दिसणारे परंतु चित्र न दाखवणारे यंत्र, एक."

सुभेदारांना मी ठाण्यात आणून समोर बसवले. पाठ ताठ, हात मांडीवर. कॅलेंडरचे पान वाचून दाखवले.

"हे तुम्ही बोललात?"

"बोललो."

इतक्या लवकर कबुली मिळेल असे वाटले नव्हते. "गडी कोणी मारला?"

"तो गडी वेगळा, साहेब. तो कॉम्प्युटरातला."

"सुभेदार, तुमच्या वयाचा आणि हुद्द्याचा मान ठेवून बोलतोय. चेष्टा नको."

"चेष्टा न्हाई साहेब. खेळ हाय तो. फोनच्या लाईनीवरनं देशोदेशीचे शे-दोनशे लोक एका वक्ताला खेळत्यात. ज्याचा त्याचा एक गडी असतोय. सोमवारी ऐन लढाईत लाईन कटली. माझा गडी नुसता हुबा ऱ्हायला आन मेला. त्याची तलवार, ढाल प्रेतावरच ऱ्हाती. दुसरा कुणी बी उचलून नेतो, न्हाईतर दोन तासांनी प्रेतासकट समदं नाहीसं हुतंय. घरचा फोन बंद पडलेला, म्हणून बूथवरनं सांगलीच्या दोस्ताला पाठवला."

मी पेन खाली ठेवले. मेलेला माणूस, त्याची ढाल, देशोदेशीचे लोक! खोटे बोलणारे खूप पाहिले होते, पण इतके भरजरी खोटे ऐकले नव्हते.

"बरं. आणि मळ्यातला गडी?"

इथे त्यांची नजर खाली गेली. "तो न सांगता गेला."

"नक्की?"

"व्हय."

वीस वर्षे मी माणसांच्या नजरा पाहत आलो होतो. या एका उत्तराला ते अडखळले, एवढे मला पुरेसे होते.

गुरुवारी सकाळी ठाण्याच्या आवारात गड्याची बायको उभी होती. मंगळवारपासून ती रोज येत होती. लिंबाखाली बसायची, कोणी बाहेर आले की उठून उभी राहायची. मी जीपकडे निघालो तशी ती पुढे आली.

"सायेब, काय कळलं का?"

तिला काय सांगायचे याचा मी विचार केला नव्हता. म्हणालो, "बाई, धीर धरा."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही. मी जीपमध्ये बसलो.

सांगलीचा तो दोस्त संगणकाचे क्लास चालवत असे. पोलीस पाहून तो घाबरला, पण माझा प्रश्न ऐकल्यावर त्याला हसू आवरेना. मला रागच आला.

"हसताय कशाला? प्रेतावरचं सामान तुम्ही काढलंत ना?"

"काढलं की. सांभाळून ठेवलंय."

"मुद्देमाल दाखवा."

त्याने यंत्र सुरू केले, फोन लावला. बराच वेळ घरघर, शिट्ट्या असे आवाज येत राहिले. मग काळ्या पडद्यावर हिरवी इंग्रजी अक्षरे धावू लागली. चित्र एकही नाही. एका ओळीत लिहिले होते की तुम्ही पुलावर उभे आहात, खाली नदी वाहते आहे. त्याने एक शब्द टाइप केला आणि यादी आली. तलवार एक, ढाल एक, कातडी बूट, पाव सात.

हवालदार गंभीरपणे म्हणाले, "साहेब, मुद्देमाल हाय. पण जप्त कसा करायचा?"

भिंतीवरचा नकाशा म्हणजे याच मुलुखाचा. लाल फुल्यांची नावे शत्रूपक्षाच्या गड्यांची. खो-खोत आणि कबड्डीत आपण खेळणाऱ्याला गडीच म्हणतो, ते माझ्या लक्षात आले नव्हते. आमच्या भागात मळेवाल्याच्या तोंडी तो शब्द आला की मला एकच गडी दिसला. शिवाय "माझा गडी मारला" या वाक्यात मारणारा कोण हे आलेलेच नव्हते. ते नाव मी आपल्या मनाने भरले होते.

तरी संशय गेला नव्हता. फोनचा उलगडा झाला, माणूस कुठे सापडला होता? खेळाच्या आडून खरा गुन्हा लपवणारा माणूस असू शकतो, आणि सुभेदार शनिवारबद्दल काहीतरी लपवत होते, यावर मी ठाम होतो. मी विचारले, "शनिवारी सुभेदार काय करत होते?"

"दुपारी दोन ते पाच खेळत होते. मीही होतो. साहेब, त्यांच्याकडेच लेखी असेल. खेळताना जे जे बोलणं होतं ते सगळं ते छापून फायलीला लावतात. फौजी माणूस."

परत आल्यावर मळ्यातल्या घरातल्या एका पेटीतून आम्ही ती फाईल काढली. दोन्ही कडांना भोके असलेला सलग कागद, तारखेप्रमाणे घड्या घालून लावलेला. शनिवारची घडी उलगडून मी इंग्रजी ओळी वाचत गेलो. लढाई, पूल, कोण पुढे, कोण मागे. मध्येच सुभेदारांच्या नावापुढे चार ओळी आल्या. त्यांचा अर्थ असा:

"थांबा. माझा माणूस दारात आहे. मिरजेला जातो म्हणतो. बहिणीचा नवरा सीरियस, दवाखान्यात. बायको आली की सांगा म्हणतो. ठीक. पूल कोणी धरलाय?"

खाली कुठल्याशा देशातल्या खेळाडूचे उत्तर होते: "त्याचा मेहुणा लवकर बरा होवो."

मी तो कागद सुभेदारांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"हे माझ्या हातचं हाय?"

"तुमचं नाव आहे पुढे."

त्यांनी कागद घडी घालून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "दारात आलता. काय तरी म्हणाला. मी व्हय, जा म्हणालो. काय म्हणाला ते नंतर आठवंना साहेब. उभं आयुष्य सिग्नलवर गेलं. कानाला आलं की बोटांनी पुढं धाडायचं. त्याची बायको विचाराया आली तवा कसं सांगू, की ऐकलंच न्हाई? म्हणून म्हणालो, न सांगता गेला."

मिरजेला बिनतारी संदेश दिला. शुक्रवारी सकाळी तिथल्या पोलिसांना गडी दवाखान्याच्या व्हरांड्यात मिळाला. मेहुण्यासाठी पेज घेऊन चालला होता. मेहुणा वाचला होता. पोलीस न्यायला आले म्हटल्यावर गडी बिचारा, आपल्याकडून काय गुन्हा झाला हे विचारत राहिला.

दुपारी तो एसटीने आला आणि नव्या चपला वाजवत ठाण्यात शिरला. आवारात अर्धे गाव जमले होते. यातले बरेच जण आदल्या दिवशी सुभेदारांचे घर पेटवायच्या गोष्टी करत होते.

"मी मालकास्नी सांगून गेलतो," तो मला म्हणाला. "इचारा की मालकास्नी. फोन बी तीनदा लावला दुपारचा. कवा बी लावा, लाईन बिझी!"

आवारात बाकावर बसलेले सुभेदार उठून उभे राहिले. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "सांगून गेलता. मी ऐकलं न्हाई. चूक माझी हाय."

गर्दीतून कुणीतरी ओरडले, "आवं सुभेदार, मेलेल्या गड्याची तलवार आणाया सांगलीला फोन, आन जित्या गड्याचं बोलणं ऐकाया कान न्हाईत व्हय?" लोक हसले. सुभेदार तसेच उभे राहिले.

गड्याची बायको तेवढ्यात लिंबाखालून आली. तो तिच्याकडे वळला आणि एकदम थांबला.

"ह्ये काय गं?"

तेव्हा मी पाहिले. तिच्या हातांत बांगड्या नव्हत्या. कपाळ रिकामे होते.

तिने माझ्याकडे बोट केले नाही, नुसते पाहिले. "काल सायबांनी धीर धर म्हटलं. तवा काढल्या."

तो तिथेच डोक्याला हात लावून बसला. माझ्या हवालदारांनी कोणाला न विचारता बाजारात माणूस पाठवला आणि हिरव्या बांगड्यांची जोडी मागवली. आमच्या महिला शिपाईने त्या तिच्या हातात भरल्या. डायरीत मी एवढेच लिहिले, "मिसिंग इसम सुखरूप मिळून आला."

संगणक, नकाशा आणि यादी पावती घेऊन परत केली. पाडव्याला साल संपल्यावर गड्याने दुसरा मळा धरला. सुभेदारांनी त्याला अडवले नाही. पुढे खेळत राहिले की नाही, मी विचारले नाही. खेळण्यात गुन्हा नव्हताच.

या केसने मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली कामाची. खजील झालेला माणूस आणि गुन्हेगार माणूस एकाच तऱ्हेने नजर खाली घालतात, तेव्हा नजरेवरून आरोप ठरवू नये. ही मी पुढे नव्या फौजदारांना शिकवली आणि त्यांनी ती वहीत उतरवून घेतली.

दुसरी मी कोणाला शिकवली नाही. सुभेदारांनी ऐकले नाही, त्यामुळे ती बाई चार दिवस काळजीत राहिली. पण तिला विधवा केले ते मी. खून झालाय असे मी तिला म्हटलेही नव्हते. माझा संशय माझ्या तोंडावर होता आणि तिने तो वाचला. पुढच्या सगळ्या नोकरीत, बेपत्ता माणसाच्या घरच्यांनी विचारले की मी खुर्ची ओढून त्यांना समोर बसवायचो आणि म्हणायचो, "मला अजून काहीही माहीत नाही." हे वाक्य म्हणायला पोलिसाला फार जड जाते.