शरणप्पाच्या नावाला ओ

आमच्या संगमेशला वर्दीचं वेड लागलं तेव्हा त्याच्या पोटापुढे शर्टाची बटणं हात टेकत होती. हे मी बहीण म्हणून नाही, शिंपीण म्हणून सांगते. त्याचे शर्ट मीच शिवते. उदगीरला धान्याच्या एका मोठ्या गोदामाचा तो मॅनेजर. तुरीची कुठली थप्पी आधी हलवायची, कुठला माल कुठल्या गाडीला द्यायचा, सगळं त्याच्या डोक्यात. एके दिवशी हा गृहस्थ दुकानात येऊन म्हणतो, "अक्का, मी टेरिटोरियल आर्मीचा अर्ज भरलाय."

नोकरी-धंदा सांभाळून वर्षातले काही दिवस वर्दी घालायची, बोलावणं आलं की निघायचं, अशी ती फौज. त्याला तिथे अफसर व्हायचं होतं, आणि तोही बंदुकीचा नाही, शिधा पोचवणारा. मी म्हटलं, "तुरीची पोती उचलायला फौजेत कशाला जातूस? इथं काय कमी हायत?" तो हसला नाही. माझा भाऊ माझ्या थट्टेला हसला नाही म्हणजे प्रकरण गंभीर.

याचं मूळ किल्लारीच्या भूकंपात आहे. आमचं गाव तिथून जवळच. त्या रात्री गणपती बुडवून लोक घरी येऊन झोपले आणि पहाट व्हायच्या आत गाव खाली बसलं. अप्पा आधीच वारलेले, मी मामाकडे उदगीरला. अव्वा, आमची आई, बाहेर अंगणात झोपली होती म्हणून वाचली. आत धाकटा शिवशंकर होता. संगमेश विसर्जनाला गेला तो तिकडेच पोरांत झोपला असेल, असं तिला वाटलं. म्हणून ती दगडांवर उभी राहून एकच नाव घेत होती. फौज आली. शिध्याच्या गाडीबरोबर आलेला एक अफसर शिधा सोडून आमच्या घरावर चढला. त्याने सगळ्यांना गप्प केलं आणि शिवशंकरला हाक मारली. खालून ओ आली.

दगड उपसले तर निघाला संगमेश, जिवंत. शिवशंकर त्याच्या शेजारी, केव्हाच गेलेला. त्या अफसराने संगमेशचं तोंड धुतलं, पाणी पाजलं आणि गाडीतल्या पुऱ्या त्याच्या हातात दिल्या. तेव्हापासून याच्या मनात तो माणूस घर करून बसला.

अव्वाच्या मनात दुसरंच बसलं. राग आला की ती म्हणायची, "भावाच्या नावाला ओ देऊन वर आलास तू." तो खाली मान घालून जेवत राहायचा. मला अव्वाची चीड यायची आणि याच्या गप्प बसण्याचीही.

तर अर्ज झाला. लेखी परीक्षा पास झाला तेव्हा मी पेढे वाटले आणि त्याला मेजरसाहेब म्हणायला लागले. पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. बेचाळीस पुरी झाली की अर्ज चालत नाही, आणि याची पुरी होत आली होती. पुन्हा संधी नव्हती. मी दुकानातली सगळी कामं बाजूला टाकून त्याला कोट शिवला.

गाडी संध्याकाळची. तो गोदामातूनच स्टेशनवर जाणार होता, म्हणून बॅग आणि कोट घेऊन मी दिवस कलताना तिकडे गेले. त्या दिवशी गोदामाला धुरी होती. थप्प्यांवर ताडपत्र्या टाकून आत किड्याच्या औषधाच्या गोळ्या ठेवतात. त्यांचा गॅस सुटला की आत उंदीरही उरत नाही. म्हणून दार लावण्याआधी मुकादम हमालांच्या टोळीतलं एकेक नाव घेतो आणि बाहेर उभा असलेला प्रत्येक जण ओ देतो. शेवटचं नाव शरणप्पाचं. तो मागच्या उन्हाळ्यात घरी झोपेतच गेला, पण त्याचं नाव गाळायला टोळी तयार नव्हती. ते नाव घ्यायचं, घटकाभर थांबायचं आणि दार ओढायचं, असा त्यांचा रिवाज पडला होता.

मुकादम गुरुबसप्पाने नावं घेतली. सगळ्यांनी ओ दिली. मग तो म्हणाला, "शरणप्पा!"

आतून ओ आली.

जाड, पुरुषी आवाज, जरा वैतागलेला, जेवताना कुणी हाक मारली की येतो तसा. मीही ऐकला. माझ्या हातातली बॅग खाली पडली. हमाल मागे सरले. गुरुबसप्पाचा चेहरा पिठासारखा झाला, पण तो दाराला हात घालून म्हणाला, "वढा दार. आपून सोता त्याला मातीत बसवून आलोत. असंल आत तर ऱ्हाऊ द्या. तो काय आपलं वाईट करणार न्हाई."

मीही म्हटलं, "संगू, गाडी जाईल. चल."

"ओ आल्यावर दार लावत न्हाईत, अक्का," तो म्हणाला. ओला टॉवेल तोंडाला बांधून तो आत शिरला आणि ताडपत्र्या ओढायला लागला. मला त्याला कानफटात मारावंसं वाटत होतं. मग गुरुबसप्पा शिव्या देत त्याच्यामागे गेला.

शेवटच्या थप्पीमागे, भिंतीच्या फटीत पंचफुला पडलेली होती. सांडलेली तूर झाडून गोळा करणारी बाई. ती टोळीतली नाही, म्हणून तिचं नाव कधी कुणी घेतच नव्हतं. झाडू हातात, दातखीळ बसलेली, शुद्ध नाही. तिला मी शिवलेल्या नव्या कोटावर टाकून बाहेर आणलं. ती वाचली. चक्कर आली आणि पडले, पुढचं काहीच ठाऊक नाही, असं तिने दवाखान्यात सांगितलं.

आम्ही तिला रिक्षात घालत होतो तेव्हा पुण्याच्या गाडीची शिट्टी ऐकू आली. संगमेशने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

दवाखान्यातून घरी जाताना मला रडू आलं. म्हटलं, "मेल्याच्या आवाजावर एवढा इस्वास तुझा?"

"अक्का, दगडाखाली माझ्या तोंडात घशापर्यंत माती होती," तो म्हणाला. "त्या दिवशी मी ओ दिलीच न्हाई."

"मग कुणी दिली?"

"शिवाचा आवाज होता. आणि त्याचा हात माझ्या हातात होता, पार गार पडलेला."

"अव्वाला कधी बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? तुझं मेलेलं लेकरू माझ्यासाठी ओरडलं म्हणू?"

घरी अव्वा उंबऱ्यात बसली होती. "गेला न्हाईस?" म्हणाली. त्याने तोंड उघडायच्या आत मी सगळं सांगून टाकलं, गोदामातलं आणि मातीचंही. अव्वा भिंतीला धरून उठली, तांब्यात पदराचं टोक बुडवलं आणि चाळिशी उलटलेल्या त्या पोराचं तोंड पुसायला लागली.