हात काढून घेणं

शेजारच्या घरात करंज्यांच्या सारणासाठी खसखस भाजताहेत. तो मंद, तुपकट, किंचित मातकट वास भिंत ओलांडून माझ्या ओसरीवर आलाय. खसखस आणि अफू एकाच बोंडातल्या बहिणी. एकीला सणावाराला मान, दुसरीचं नाव घ्यायचं ते दबक्या आवाजात. मला मात्र हा वास आला की दुसरीच आठवते. आठवते म्हणजे काय, दुखत वगैरे काही नाही आता. बधिर हाताला कुणी चिमटा काढला तर चिमटा काढला एवढं कळतं ना, तेवढंच.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. आष्टीच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली बसून मी अर्ज लिहून द्यायचो. लोकांनी मराठीत गाऱ्हाणं सांगायचं, मी ते उर्दूत उतरवायचं. निम्मे अर्ज फिर्यादीचे, आणि उरलेले निम्मे तीच फिर्याद मागे घेण्याचे. बांधावरून भाऊ भाऊ हमरीतुमरीवर यायचे आणि घरात लग्न निघालं की एकाच बैलगाडीतून येऊन म्हणायचे, "मिटवा आता, काढून घ्या." कचेरीच्या भाषेत याला दस्तबरदार होणं म्हणत. दस्त म्हणजे हात. हात उचलून घेणं. किती सभ्य शब्द! आपल्या मराठीत याच गोष्टीला माणूस बघून शब्द आहेत. पैलवान माघार घेतो, जामीन राहिलेला अंग काढून घेतो, सोयरिकीची बोलणी फिसकटली की पाहुणे काढता पाय घेतात. म्हातारा माणूस संसारातून मन काढून घेतलं म्हणतो आणि दुसरी भाकरी मागतो. या सगळ्यांत अवघड म्हणजे तोंडातून गेलेला शब्द मागे घेणं, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐटीत सांगायचो. मला काय ठाऊक होतं!

आमची पहिली मुलगी तेव्हा दहा महिन्यांची होती. थोडी कोरडवाहू जमीन होती, बायको खुरपायला जायची. आमच्याकडची सगळी रानं तेव्हा एकाच रीतीनं चालत: बांधावरच्या झाडाला झोळी, झोळीत लेकरू आणि लेकराच्या पोटात अफू. आईच्या दुधात सहाणेवर अफूच्या खड्याचे दोन वेढे उगाळायचे आणि बोटानं चाटवायचे. दुपार टळेपर्यंत लेकरू हूं की चूं करत नसे. यात कुणालाच वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं. पण कचेरीत येणारे एक हकीमसाहेब एकदा बोलता बोलता म्हणाले, अफूवर वाढलेलं मूल मठ्ठ निपजतं. झालं! अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला मी घरी आलो आणि खडा चुलीत टाकला. म्हणालो, "आजपासून बंद."

बायको म्हणाली, "बंद करू की. पण आवो, आसं एकदम नसतंय तोडायचं." शेजारच्या म्हातारीनं, जिनं गावातली निम्मी बाळंतपणं केली होती, मला दारातच अडवलं. "आरं बाबा, दोनाचा दीड वेढा करायचा, दिडाचा एक. म्हैना लागतो सोडवायला. लई कवळं हाय लेकरू." मी म्हणालो, "तुमच्या या वेढ्यांनीच गाव अडाणी राहिलंय." असं बोललो मी. शब्दांचाच धंदा, सुचायचं भराभर.

पहिल्या दिवशी पोर नुसती किरकिरली, शिंकत राहिली. दुसऱ्या दिवशी तिचं रडणं बदललं. बारीक, धारदार, न थांबणारं. अंगाला कंप, घाम, पातळ जुलाब. पदराखाली घेतली तरी दूध ओढेना. बायको रानात गेली नाही. म्हातारी चंचीत नवा खडा घेऊन ओसरीवर बसली होती, माझी मान हलायची वाट बघत. बायकोनं दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही. एवढं रेटलंय, आता हरायचं कशाला, असं माझ्या मनात होतं. दहा महिन्यांच्या लेकराशी कसली हारजीत, हे काही मनात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी कचेरीतून आलो तर घर शांत. बायको झोळीची दोरी धरून बसलेली. मी म्हणालो, "बघ, सुटली एकदाची! झोपली की नाही बिनअफूची?"

मी झोळीत हात घातला आणि मग मलाही कळलं.

मी रडलो नाही. तिनंही टाहो फोडला नाही. चार दिवसांनी मी पुन्हा लिंबाखाली बसून अर्ज लिहीत होतो. अक्षर पहिल्यासारखंच वळणदार येत होतं, त्याचंच नवल वाटे. लोक म्हणत, सावरला. मला वाटत होतं, बायको भांडेल, माहेरी निघून जाईल, माझ्या नावानं बोटं मोडेल. त्यातलं काहीच झालं नाही. भाकरी वेळेवर, पाण्याचा तांब्या उजव्या हाताला. माझं चुकलं, एवढे दोन शब्द मला तिला म्हणता आले नाहीत. रोज म्हणायचं ठरवायचो आणि जेवून उठायचो.

तीन वर्षांनी मुलगा झाला. सुगी आली, ज्वारी काढायला झाली. एका सकाळी मुलाला मांडीवर घेऊन, सहाण समोर ठेवून ती बसली आणि माझ्या डोळ्याला डोळा देत तिनं विचारलं, "तुमीच सांगा. द्यायची का न्हाई?"

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिला खरंच उत्तर हवं होतं. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण या वेळी माझ्याबरोबर राहा, एवढंच ती मागत होती. मी खुंटीवरचा रुमाल काढला, डोक्याला गुंडाळला आणि कचेरीकडे निघालो. उंबऱ्याशी पाय अडखळला होता. थांबायचं तर तेवढा वेळ होता.

त्यानंतर तिनं मला काहीच विचारलं नाही. मुलाच्या शाळेचं नाही, सोयरिकीचं नाही, शेवटच्या दुखण्यात स्वतःच्या औषधाचंही नाही. तिला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मुलगा धडधाकट आहे, आता आजोबा व्हायला आलाय. त्याला लहानपणी अफू दिली होती की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.